डेस्टिनी, फेट आणि आपलं 'नशिबातच होतं'

हल्ली आपल्या बडोद्यात लग्न जमलं की मुलं 'डेस्टिनी' म्हणतात आणि कॅनडाचा व्हिसा अडकला की 'फेट'. शब्द इंग्रजी आहेत म्हणून माझी तक्रार नाही. इंग्रजीतही साधारण असाच भेद करतात. डेस्टिनीत कुठेतरी पोचण्याची गोष्ट असते, फेटला मात्र काळी किनार असते. जिवावर बेतणाऱ्या अपघाताला म्हणतात तो 'फेटल' शब्द त्याच घराण्यातला. मूळ लॅटिन 'फातुम', म्हणजे देवाच्या तोंडून निघालेलं, बोललं गेलेलं.

आपल्याकडे ते बोललेलं नसतं, लिहिलेलं असतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बाळाच्या सटीला, म्हणजे जन्मानंतरच्या सहाव्या दिवशीच्या पूजेला, पाटावर वरवंटा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि पेन. आत्या पेनाचं टोपण आठवणीने काढून ठेवायची, कारण रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिणार. समोरच्या गुजराती घरात तेच काम विधाता करते, तिथे त्याला 'छठ्ठीना लेख' म्हणतात. ही पूजा मला मनापासून आवडते, ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. बोललेलं असो की लिहिलेलं, 'नशिबातच होतं' म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि आपल्या शहराला तरी हे शोभत नाही.

कारण नशिबाची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याच गावात घडली. 1875 साली बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी गादीवरून दूर केलं आणि त्यांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायचं ठरवलं. मालेगावजवळच्या कवळाण्याहून गायकवाडांच्या दूरच्या शाखेतली मुलं आणली, त्यातला बारा वर्षांचा गोपाळ निवडला गेला आणि सयाजीराव झाला. शाळा जवळजवळ न पाहिलेलं शेतकऱ्याचं पोर राजा होतं, यापेक्षा मोठं भाग्य कुठलं? गोष्ट सांगताना आपण इथेच थांबतो, 'कपाळ बघा कसं!' म्हणतो आणि चहा घेतो.

पण खरं सांगण्यासारखं तर पुढेच आहे. शिकवायला नेमलेल्या इलियट साहेबाच्या हाताखाली त्या मुलाला आधी अक्षरओळख करून घ्यावी लागली. गावातली त्याच्या वयाची पोरं तेव्हा रानात होती आणि हा वाड्यात बसून गिरवत होता. 1881 च्या डिसेंबरात कारभार हाती आला. 1893 मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं, मुलींनासुद्धा. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांनी अशाच शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते 1912 मध्ये फेटाळलं गेलं. मला यात महाराजांचं मोठेपण दिसतं ते हे, की ज्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव निघालं त्या चिठ्ठीवर बाकीच्या पोरांना त्यांनी सोडलं नाही. दुसरा गोपाळ कवळाण्याहून निवडून येण्याची वाट बघायची नाही, गावातल्या प्रत्येक पोराला पाटी द्यायची.

याच शहराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 मध्ये ते नोकरीला बडोद्यात आले, तेव्हा या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहात जागा घेतली होती, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कमाटीबागेतल्या झाडाखाली ते बसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. त्या काळच्या कितीतरी शहाण्या माणसांनी याला पूर्वजन्मीचं प्रारब्ध म्हटलं असतं. सटवाईने काही लिहिलं नव्हतं. दार बंद करणारे हात माणसांचे होते. बाबासाहेबांनी पुढे ते तसंच लिहून ठेवलं.

आता अलीकडचं, जे लिहिताना अजून हात थरथरतो. 18 जानेवारी 2024, आपल्या बडोद्यातलं हरणीचं तळं. शाळेच्या सहलीतली होडी उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्या आठवड्यात सांत्वनाला गेलेल्या किती जणांच्या तोंडून मी ऐकलं, "एवढंच आयुष्य घेऊन आली होती लेकरं." आईच्या तोंडी हे वाक्य आलं तर मी मान खाली घालीन. ज्या घरातलं पोर गेलं, त्या घराला जे वाक्य आधार देईल ते त्यांचं. पण आपण, म्हणजे बाहेरच्यांनी, ते उच्चारायचं नसतं. आपल्या तोंडून ते निघालं की होडी चालवणारा सुटतो, ठेका देणारा सुटतो, तपासणीच्या कागदावर सही करणारा सुटतो. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पालक नेटाने पाठपुरावा करत राहिले, म्हणून निदान प्रश्न जिवंत राहिला.

आपली जुनी माणसं कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग करत. संचित म्हणजे मागचं साठलेलं, प्रारब्ध म्हणजे त्यातलं भोगायला आलेलं. क्रियमाण म्हणजे आत्ता हातून घडतं आहे ते. हे तिसरं आपण बोलण्यातून पार घालवून बसलो आहोत. 'दारिद्र्य पाचवीला पुजलेलं' आठवतं, क्रियमाण कुणाच्या जिभेवर येत नाही.

दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतील आणि संमतीचा फॉर्म घरी येईल. सही करण्याआधी शाळेला लेखी विचारा: पाण्यात नेणार का, होडीत किती जण बसणार, प्रत्येकाला जॅकेट आहे का, सोबत पोहता येणारं मोठं माणूस कोण. उत्तर आलं नाही तर सही करू नका. आणि कुणी "जे व्हायचं ते होतंच हो वहिनी" असं म्हणालं, तर त्यांनाही हेच चार प्रश्न विचारा.