बासमतीचा वास आणि बिघडलेला जनुक

खानापूरकर काका, ‘कमला’ या जनुक बदललेल्या भाताच्या नव्या वाणावरचा माझा लेख वाचून ‘जीन बदललेला भात म्हणजे बीटी कापसाचाच भाऊ. उद्या आमच्या शिवारातली बासमती संपली, की तुम्ही लिहिणारे कुठं सापडणार?’ असं तुम्ही विचारलंय. मी इथंच, बेळगावच्या वडगावात सापडेन.

आधी माझी चूक. ‘कमला भातात बाहेरचा जनुक कधी आलाच नाही’ असं मी लेखात ठोकून दिलं होतं. ते खरं नाही. कमला घडवला क्रिस्परनं, म्हणजे जनुक नेमका हवा तिथं कापायच्या तंत्रानं. त्यातली कात्री, म्हणजे कॅस प्रथिन, मुळात जिवाणूचं. ते बनवणारा जनुक प्रयोगशाळेत रोपात घालतात आणि काम झालं की पुढच्या पिढीतली, तो नसलेली रोपं निवडतात. बियाण्यात तो उरत नाही. बीटी कापसात मात्र जिवाणूचा जनुक पानापानात कायम असतो, सगळी मदार त्याच्यावरच. तेव्हा भाऊ नको, लांबचा पाहुणा म्हणा.

कमलात सांबा मसुरी या भाताचा सीकेएक्स-२ हा जनुक निकामी केलाय. त्याचं काम सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक मोडायचं. ते कमी मोडलं जातं म्हटल्यावर लोंबीला दाणे जास्त धरतात. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली हाच जनुक हबाताकी नावाच्या भातात हेरला. तिथं तो आपसूकच मंदावलेला होता, कात्रीबित्री काही नव्हती.

आणि बासमती? तिचा वास २-ॲसिटिल-१-पायरोलीन या द्रव्याचा. बासमतीत आणि बहुतेक सुवासिक भातांत बीएडीएच-२ या जनुकातली डीएनएची ८ अक्षरं गळालेली असतात, म्हणून ते साठतं. जनुक धड असता तर शिजताना गल्लीभर घमघमाट सुटला नसता! कधीकाळी कुणीतरी हा बिघाड नाकानं ओळखला आणि बी जपून ठेवलं.

आपल्या येळ्ळूर-वडगावची बासमती आटायला लागली तेव्हा क्रिस्परचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. उतारा कमी, वाऱ्यात आडवी पडते, वर शिवारात प्लॉट पडले. हे तुम्हाला मी काय सांगायचं?

‘बियाण्याची मालकी कुणाची?’ हा तुमचा दुसरा सवाल मात्र नेमका आहे. कमला हैदराबादच्या सरकारी संस्थेचा असला, तरी कात्रीची पेटंटं परदेशी हातात आहेत. त्यात केंद्रानं २०२२ साली अशा वाणांना जीएमच्या, म्हणजे परका जनुक घातलेल्या पिकांच्या, कडक नियमांतून सूट दिलीय. यावर मी एक ओळही लिहिली नव्हती. पुढचा लेख त्यावरच.

सुगी झाली की घरच्या बासमतीतली दोन शेर माझ्यासाठी ठेवा. पैसे रोख देईन.