सपोर्ट आधी ठरवा, बाकीची टीम नंतर

नाशिकमध्ये पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या डबल्स (दोन विरुद्ध दोन) लढती गांभीर्याने खेळणारी मुले आता बरीच झाली आहेत. स्विच हे गेमचे यंत्र विकत घेणे सगळ्यांच्या आवाक्यातले नसल्यामुळे बहुतेकांचा सराव मोबाइलवर, शोडाउन या लढतींच्या सिम्युलेटरवरच चालतो. तरी रविवारी आम्ही कॉलेज रोडला जमतो तेव्हा त्यांची तयारी पाहून मला मनापासून कौतुक वाटते. मात्र त्यांच्या टीममध्ये एक गोष्ट मला सतत खटकते आणि ती नीट मांडावी म्हणून हे लिहीत आहे. पाच मारणारे पोकेमॉन आधी निवडले जातात, त्यांच्या मूव्ह (चाली), आयटम आणि टेरा (लढतीत बदलता येणारा टाइप) यांवर तासन्‌तास चर्चा होते आणि मग सहाव्या जागेवर, ‘एक सपोर्ट हवाच’, म्हणजे मारण्यापेक्षा साथीदाराला सांभाळणारा पोकेमॉन हवाच म्हणून, अमूंगस किंवा इनसिनरोर कुठल्या तरी तयार संचासकट आणून बसवला जातो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. सपोर्ट कोणासाठी आहे, कोणाचा मार झेलून तो काय करणार आहे आणि कोणाच्या आधी किंवा नंतर करणार आहे, हे ठरल्याशिवाय बाकीच्या पाचांना अर्थ येत नाही.

सहापैकी चार पोकेमॉन खेळवायचे आणि त्यातले दोनच एका वेळी मैदानात, अशी ही लढत आहे. म्हणजे प्रत्येक टर्नला आपल्या हातात दोनच कृती असतात. त्यातली एक सपोर्टची असेल, तर त्याने वाया घालवलेली टर्न म्हणजे आपली निम्मी ताकद वाया गेली. मारणाऱ्याचा नेम चुकला की सगळ्यांना दिसते, पण सपोर्टची चुकलेली टर्न कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक उदाहरण देते. अकरावीतल्या एका मुलाने स्वतः ट्रिक रूम लावली होती. अमूंगसच्या शेजारी त्याचा किंगॅम्बिट होता आणि समोर आयर्न हँड्स. अमूंगसचा झोपवणारा स्पोअर शंभर टक्के लागतो, ट्रिक रूममध्ये हळू असणारा आधी खेळतो, तेव्हा आयर्न हँड्स झोपणार आणि किंगॅम्बिट मोकळा होणार, असा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्षात आयर्न हँड्स आधी खेळला, ड्रेन पंच किंगॅम्बिटवर चौपट लागला आणि तो तिथेच पडला. ‘ताई, ट्रिक रूम तर माझी होती, मग त्याचा नंबर आधी कसा?’ या त्याच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत होते. त्याच्या अमूंगसचा स्पीडचा आयव्ही (प्रत्येक स्टॅटचा ० ते ३१ मधला उपजत अंक) ३१ तसाच राहिला होता आणि नेचर (एक स्टॅट वाढवून दुसरा कमी करणारा स्वभाव) स्पीड कमी करणारे नव्हते, त्यामुळे लेव्हल ५० ला त्याचा वेग ५० भरत होता. ट्रिक रूमसाठी बांधलेल्या आयर्न हँड्सचा वेग ४९ असतो. एका अंकाने अख्खी लढत गेली. आयव्ही शून्य आणि नेचर सॅसी किंवा रिलॅक्स्ड असते, तर हाच अमूंगस ३१ वर आला असता. आणखी एक गोष्ट मी त्याला दाखवली. त्या टर्नला स्पोअरऐवजी रेज पावडर, म्हणजे समोरच्यांचे मार स्वतःकडे ओढणारी मूव्ह, वापरली असती, तर प्रायॉरिटीमुळे (वेग न बघता आधी लागण्याच्या मानामुळे) ती आधीच लागू झाली असती आणि तोच ड्रेन पंच विषाच्या टाइपमुळे अमूंगसवर निम्माच लागला असता.

म्हणूनच मी म्हणते, की ईव्ही (स्टॅट वाढवण्यासाठी आपण वाटायचे गुण) भरताना डॅमेज कॅल्क्युलेटर (कोणता मार किती लागेल ते सांगणारे साधन) आधी उघडावा. एकूण ५१० ईव्ही, एका स्टॅटमध्ये जास्तीत जास्त २५२ आणि लेव्हल ५० ला साधारण दर ८ ईव्हींना एक अंक, इतका हा जमाखर्च आहे. मुले मारणाऱ्या पोकेमॉनच्या सवयीने दोन स्टॅट २५२ वर नेऊन मोकळी होतात. सपोर्टच्या बाबतीत मात्र ‘अमुक पोकेमॉनचा अमुक मार मी झेलीन आणि उभा राहीन’ असे एक वाक्य आधी ठरवावे, तेवढेच डिफेन्समध्ये घालावे आणि उरलेले दुसऱ्या एखाद्या माराच्या नावे लिहावे. अमूंगसच्या एचपीमध्ये (जीवामध्ये) ईव्ही पूर्ण भरले तर तो २२१ होतो आणि रीजनरेटर या अॅबिलिटीमुळे (उपजत गुणामुळे) मैदान सोडताना त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ७३, परत मिळतो. हे माहीत असेल तर त्याला मरेपर्यंत मैदानात उभे ठेवण्याऐवजी वेळेवर आत घेण्याची बुद्धी होते. शिवाय अधिकृत स्पर्धांत आता टीमची यादी समोरच्याला आधीच दिसते. मूव्ह, आयटम, अॅबिलिटी, टेरा, सगळे उघड असते. झाकलेले राहतात ते ईव्ही आणि नेचर. दुसऱ्याचा तयार संच उचलला तर तेवढेही झाकण आपण आपल्या हाताने काढून टाकतो.

इनसिनरोरबाबतही हेच. त्याला वेगवान करण्याची हौस अनेकांना असते, पण तो हळू असेल तर पार्टिंग शॉट (समोरच्याचा अटॅक कमी करून स्वतः मागे जाण्याची मूव्ह) शेवटी लागतो, समोरच्या दोघांचे मार तोवर होऊन गेलेले असतात आणि आत येणारा साथीदार धक्का न लागता उतरतो. त्या टर्नपुरता अटॅक कमी झाल्याचा फायदा मिळत नाही, हे खरे. पण नाजूक साथीदारासाठी हा सौदा मला नेहमीच योग्य वाटतो.

सपोर्टची खरी बांधणी कशी असते ते २०१४ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या जागतिक स्पर्धेत सेजुन पार्कने दाखवले. पाचिरिसूसारखा, कोणी गंभीरपणे घेत नसे असा छोटा पोकेमॉन घेऊन तो जगज्जेता झाला. त्यात चमत्कार नव्हता. त्याच्या टीममध्ये गॅराडोस होता, ज्याच्यावर विजेचा मार चौपट लागतो. पाचिरिसूची व्होल्ट अॅब्सॉर्ब तोच मार पिऊन एचपी भरून काढते आणि फॉलो मी तो मार स्वतःकडे ओढते. या जोडीसमोर वीज वापरणाऱ्यांचे हातच बांधले गेले. त्यातही मला सर्वांत मोलाची वाटते ती सुपर फँग. अटॅकमध्ये एकही ईव्ही नसला तरी ती समोरच्याचा असलेला एचपी निम्मा करते, म्हणून पाचिरिसूकडे दुर्लक्ष करणे कोणालाच परवडत नव्हते.

काही जण याच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि सपोर्टच्या चारही मूव्ह न मारणाऱ्या ठेवतात. असा सपोर्ट एका टाँटने (न मारणाऱ्या मूव्ह बंद पाडणाऱ्या मूव्हने) गप्प बसतो, मेंटल हर्ब हा आयटम एकदाच वाचवतो आणि पुढे समोरचे दोघे त्याला वगळून साथीदाराला गाठतात. रेज पावडरवर आंधळा विश्वासही नको, कारण ग्रास टाइपवर आणि सेफ्टी गॉगल्सवाल्यावर ती चालत नाही आणि दोघांवर एकदम पडणारे मार तर कोणतीच मूव्ह ओढून घेत नाही.

पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने फक्त सपोर्टची पाटी आणावी, बाकीची टीम नाही आणली तरी चालेल. तो कोणता मार झेलतो, कोणापेक्षा एका अंकाने हळू किंवा वेगवान आहे आणि टाँट लागल्यावर काय करतो, एवढे तीनच प्रश्न मी विचारणार आहे.