कोटा पूर्ण झाला, पेशंट अर्धाच पाहिला

गेल्या महिन्यात नाशिकरोडच्या माझ्या दवाखान्यात दिंडोरीकडचे एक आजोबा खालची दाढ काढून घ्यायला आले. सहा महिन्यांपासून माझ्याकडे काम करणाऱ्या तरुण डॉक्टर मुलीने रीतसर केसपेपर भरला. "काही आजार?" या प्रश्नाला आजोबांनी "नाही" असे उत्तर दिले आणि तिने तसेच लिहून घेतले. मी जाता जाता विचारले, "बाबा, सकाळी उठल्यावर गोळ्या कोणत्या घेता?" तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी पिशवीतून तीन पाकिटे काढली. एक बीपीचे, एक साखरेचे आणि तिसरे क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळीचे. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवलेला होता. "गोळी चालू हाये ना, मग आजार कुठं राह्यला?" असा आजोबांचा सरळ हिशोब होता.

मुलीचा चेहरा उतरला. पण पुढच्याच मिनिटाला तिने मला बिनचूक सांगितले की, एखादी दाढ काढण्यासाठी ही गोळी सहसा थांबवत नाहीत, खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज ठेवून, टाके घालून आणि गॉज दाबून धरून रक्तस्राव आटोक्यात आणता येतो, आणि हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका त्याहून मोठा असतो. उत्तर तिला तोंडपाठ होते. ज्या प्रश्नाने ते उत्तर लागू पडले असते, तो विचारण्याची सवय मात्र तिला कोणी लावली नव्हती.

हा दोष तिचा आहे असे मला वाटत नाही. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीची ४ वर्षे, त्यानंतर १ वर्षाची सक्तीची इंटर्नशिप आणि मग राज्य दंत परिषदेची नोंदणी झाली की कायद्याने कोणीही स्वतंत्र दवाखाना थाटू शकतो. या काळात विद्यार्थ्याला दात पुष्कळ दिसतात, माणूस मात्र तुकड्यातुकड्यांनी दिसतो. ज्या पेशंटची हिस्टरी एका विभागात घेतली जाते, त्याचे फिलिंग दुसऱ्या विभागात होते, दाढ तिसरीकडे निघते आणि कवळी चौथीकडे बसते. अमुक इतके एक्स्ट्रॅक्शन (दात काढणे), अमुक इतके स्केलिंग (दातांची सफाई) असा कोटा वहीवर सह्या घेऊन पूर्ण होतो. आपण बसवलेल्या कॅपखाली सहा महिन्यांनी काय झाले, हे त्या विद्यार्थ्याला कधीच कळत नाही. स्वतःचे फसलेले काम न पाहता निर्णयशक्ती कशी येणार?

माझीच गोष्ट सांगतो. स्वतःचा दवाखाना उघडल्याच्या पहिल्या वर्षी खालच्या दाढेचे रूट कॅनल करताना माझी फाईल (मुळातील नलिका साफ करायची बारीक सुई) आत तुटली. तुटलेला तुकडा कधी काढायचा, कधी बाजूने वाट काढून पुढे जायचे आणि कधी तज्ज्ञाकडे पाठवायचे, हे मी परीक्षेत लिहिले होते. पण समोर बसलेल्या बाईंना "ताई, असे झाले आहे" हे वाक्य कसे सांगायचे ते मला येत नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो. त्या बाई वर्षभराने सूज घेऊन परत आल्या, तेव्हा त्यांना खरे सांगावे लागले आणि ते सांगणे पहिल्या दिवशीपेक्षा कितीतरी अवघड गेले.

एमडीएस ही पदव्युत्तर पदवी करा म्हणजे प्रश्न सुटेल, असे अनेकजण म्हणतात. ते ३ वर्षांचे शिक्षण एका शाखेत खोलवर नेते, परंतु दवाखान्यात येणारा माणूस शाखा ठरवून येत नाही. शिवाय खुर्ची, एक्स-रे आणि ऑटोक्लेव्ह (उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र) कर्जावर घेतलेल्या नव्या डॉक्टरला हप्त्याची तारीख दिसत असते, आणि नुसती नजर ठेवण्याजोगी दाढही मग कोरली जाते. हे बोलायला कोणालाच आवडत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, इंटर्नशिपमध्ये प्रत्येकाला किमान दहा पेशंट पहिल्या तपासणीपासून शेवटच्या फेरतपासणीपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर द्यावेत. खर्चाची बोलणी, लॅबकडून उशिरा आलेली कॅप, "सर, हे माझ्याच्याने होणार नाही" असे म्हणून पुढे पाठवणे, हे सगळे त्यात आले. विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे, त्यामुळे ही मागणी लेखी नेऊन देणे नाशिककरांना अवघड नाही.

आपण ज्येष्ठ मंडळीही यात मागे आहोत. नव्या मुलांना तुटपुंज्या पगारावर ठेवून आठ-आठ महिने लाळ ओढणारी सक्शनची नळी धरायला लावणे याला शिकवणे म्हणत नाहीत. माझ्याकडे पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी दुपारी दोन इंटर्नना जागा आहे. त्यांनी केसपेपर भरायचा, योजना मांडायची आणि मी ती खोडून काढायची, असा बेत आहे. कॉलेजरोड, सिडको, पंचवटी या भागांत ज्यांना असे करणे शक्य असेल, त्यांनी कळवावे. आणि हो, त्या आजोबांची दाढ हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून, गोळी चालू ठेवूनच काढली. रात्री नऊ वाजता "बाबा, गॉज काढल्यावर रक्त थांबलं का?" हे विचारायला फोन त्या मुलीनेच केला होता.