चार्ल्स वेस्लींचं ते गीत कुंपणाखालचं नाही

मावशीने शनिवारी रात्री एक फॉरवर्ड पाठवला आणि रविवारी संडे स्कूलच्या मुलांना तोच सांगितला, म्हणून लिहायला बसले. मेसेज म्हणतो: आयर्लंडमध्ये जमाव मागे लागला, एका शेतकरणीने अठराव्या शतकातले इंग्लिश पाळक आणि भक्तिगीतकार चार्ल्स वेस्ली यांना दूधघरात दडवलं, मागच्या खिडकीतून उडी टाकून ते कुंपणाखाली लपले आणि तिथेच त्यांनी ‘जीझस, लव्हर ऑफ माय सोल’ लिहिलं. शिवाय त्यांच्या चाली दारूच्या गुत्त्यातल्या, ‘हार्क! द हेरल्ड’ हे नाताळगीत शब्दन् शब्द त्यांचं, आणि त्यांनी चर्च ऑफ इंग्लंड सोडलं.

अहो, हे गीत वेस्ली बंधूंच्या, म्हणजे चार्ल्स आणि मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन यांच्या, १७४० च्या संग्रहात छापलेलं आहे. चार्ल्स आयर्लंडला पहिल्यांदा गेले ते १७४७ मध्ये! सात वर्षं आधी छापलेलं गीत कुंपणाखाली कसं सुचेल? छळ झाला, हे मान्य. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या ग्रँड ज्युरीने (कोर्टाच्या पंचमंडळाने) १७४९ मध्ये त्यांना भटक्या आणि शांतता भंग करणारा ठरवलं होतं. पण त्या छळाला हे गीत चिकटवायचं कारण नाही.

मला राग येतो तो या गोष्टीने गीताचा अर्थच बदलतो म्हणून. संग्रहात त्याचं शीर्षक आहे ‘मोहात असताना’. २१ मे १७३८ ला, पेंटेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या) दिवशी, लंडनमध्ये ब्रे नावाच्या पितळकाम करणाऱ्या कारागिराच्या घरी आजारी असताना चार्ल्स यांना विश्वासाची शांती मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांत छापलेलं हे गीत. त्यातलं वादळ माणसाच्या आतलं आहे, आणि ‘तुझ्या पंखांच्या सावलीने माझं डोकं झाक’ ही विनवणी थेट स्तोत्रसंहितेतली. आजोबांच्या शेवटच्या आठवड्यात आई त्यांच्या उशाशी हेच म्हणायची. त्या खोलीत कुठला जमाव होता? औषधाच्या बाटल्या होत्या आणि आजोबांचा हात घट्ट धरलेला आईचा हात होता.

बाकीचं थोडक्यात. गुत्त्याच्या चालींना पुरावा नाही. त्यांचं ‘लव्ह डिव्हाइन’ हे गीत संगीतकार पर्सेलच्या एका नाट्यगीतावर बेतलेलं आहे, एवढं कबूल करते; पण रंगमंच म्हणजे गुत्ता नव्हे. ‘हार्क’ची मूळ पहिली ओळ वेगळी होती. देवदूतांचं नाव घेणारी आजची ओळ त्यांचे समकालीन धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या १७५३ च्या संग्रहातली, आणि संगीतकार मेंडेल्सनची चाल तर १८५५ मध्ये जोडली गेली.

आणि चर्च सोडलं म्हणे! भाऊ जॉन बिशपचा अधिकार स्वतःकडे घेऊन पाळकांना दीक्षा देऊ लागले तेव्हा सर्वांत जास्त चिडले ते चार्ल्सच. २९ मार्च १७८८ ला ते वारले. भावाच्या लंडनमधल्या सिटी रोड चॅपलच्या आवारात पुरून घ्यायला त्यांनी आधीच नकार दिला होता. चर्च ऑफ इंग्लंडच्याच मेरिलबोनच्या पॅरिश चर्चच्या दफनभूमीत त्यांना पुरलं, आणि शवपेटी धरायला चर्च ऑफ इंग्लंडचे आठ पाळक होते.

मावशी, येत्या रविवारी मुलांना स्तोत्र ५७ उघडायला सांग. पहिलंच वचन, तेच पंखांच्या सावलीचं, वाचून घे आणि मग गीत म्हणा.