सत्तरातून वीस गेले

समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा परवा संध्याकाळी इंग्रजी कवितांचं पुस्तक आणि गाइड घेऊन आला. एफवायबीएला आहे, वय एकोणीस. म्हणाला, "काकू, या तिन्ही कवितांची सेंट्रल आयडिया सेमच आहे ना? तारुण्य क्षणभंगुर आहे, म्हणून जीवनाचा आनंद लुटा. तिन्हीला तेच लिहिलं तर चालेल?" गाइडमध्ये खरंच तिन्ही कवितांखाली तेच वाक्य होतं. ३४ वर्षांपूर्वी मीही हेच पाठ केलं होतं. त्या रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

पहिली कविता रॉबर्ट हेरिकची. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या डीन प्रायर या खेड्यातला हा पाद्री, त्याचं पुस्तक १६४८चं. तो मुलींना सांगतो, गुलाबाच्या कळ्या आत्ताच वेचून घ्या, आज हसणारं फूल उद्या मरणार आहे. ऐकायला गोड, गाण्यासारखी. पण शेवटच्या कडव्यात तो काय म्हणतो? लाजत बसू नका, लग्न करून टाका, वय निघून गेलं तर बसाल वाट बघत. स्वतः हेरिक त्र्याऐंशी वर्षं जगला आणि अविवाहित राहिला.

दुसरी अँड्र्यू मार्व्हेलची. तो गेल्यावर तीन वर्षांनी, १६८१मध्ये छापली गेली. आपल्याकडे हवा तेवढा वेळ असता तर तू तिकडे गंगेकाठी माणकं वेचली असतीस, मी इकडे इंग्लंडात हंबर नदीच्या काठावर विरहाची गाणी म्हटली असती, शेकडो वर्षं नुसती तुझी स्तुती केली असती. पण पाठीमागून काळाचा रथ येतोय, म्हणून आता नाही म्हणू नकोस. बुद्धीची झेप अफाट आहे, मी आजही ती मोठ्याने वाचते. पण दोन्ही कवितांत मरणाची भीती घालून समोरच्या बाईकडून काहीतरी हवं आहे. हेरिकला तिचा होकार कुणासाठी तरी हवाय, मार्व्हेलला स्वतःसाठी.

तिसरी ए. ई. हाउसमनची. हिच्यात कुणाकडून काहीच नकोय, आणि म्हणूनच ते गाइडमधलं वाक्य हिच्याखाली बघितलं की मला राग येतो.

बारा ओळी आहेत फक्त. चेरीचं झाड ईस्टरसाठी पांढरं नेसून रानवाटेवर उभं आहे. बघणारा वीस वर्षांचा. तो हिशोब मांडतो: सत्तर वर्षांतली वीस गेली, ती परत यायची नाहीत, राहिले पन्नास वसंत. फुललेलं झाड बघायला पन्नास वसंत फार थोडे. म्हणून मी रानात जातो, बर्फाने, म्हणजे पांढऱ्या फुलांनी, लगडलेली चेरी बघायला. संपली कविता. लुटा नाही, वेचा नाही, मला हो म्हण नाही. तो फक्त बघायला जातो.

आमच्या वेळच्या गाइडमध्ये पहिल्या कडव्यातल्या 'राइड' या शब्दाचा अर्थ 'सवारी' दिला होता. कितीतरी वर्षं मला वाटायचं, चेरीच्या झाडांतून कुणीतरी घोड्यावरून चाललंय. राइड म्हणजे रानात घोड्यांसाठी मोकळी ठेवलेली वाट. आणि चेरी आम्हाला माहीत होती ती केकवरची, लालभडक, पाकातली. फूल पांढरं असतं हे सांगायला वर्गात कुणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला कुणी न शिकवता कळली होती, ती आजीमुळे. कवितेत सत्तर हा आकडा सरळ येत नाही, 'तीन विसा आणि दहा' असा येतो. बायबलच्या नव्वदाव्या स्तोत्रात माणसाचं आयुष्य तेवढंच सांगितलंय. आजी अगदी तसंच मोजायची. वय विचारलं की म्हणायची, "तीन इसा झाल्या आन् वर धा." वर्गात ती ओळ वाचली तेव्हा मला आजीचा आवाज ऐकू आला होता.

आपल्याकडे आशीर्वाद शंभराचा. पश्येम शरदः शतम्, जीवेम शरदः शतम्. आपण शरद मोजतो, तो वसंत मोजतो. पण त्या मंत्रातसुद्धा 'जगू दे'च्या आधी 'बघू दे' येतं. हे लक्षात आलं त्या दिवशी मी हातातलं काम टाकून बसून राहिले होते.

आता हे बघा. ही कविता १८९६मध्ये 'अ श्रॉपशर लॅड' (श्रॉपशरचा पोरगा) या पुस्तकात आली तेव्हा हाउसमन विशीतला नव्हता, सदतिसाव्या वर्षाला टेकला होता. म्हणजे मोठा झालेला माणूस विशीतल्या पोराच्या तोंडून तो हिशोब वदवतोय. त्याची आई त्याच्या बाराव्या वाढदिवसालाच गेली होती. ऑक्सफर्डला असताना मोझेस जॅक्सन नावाच्या मित्रावर त्याचा जीव जडला, तिकडून तसं प्रेम कधी आलं नाही. १८८७मध्ये जॅक्सन कराचीला कॉलेजचा प्रिन्सिपॉल होऊन गेला, सिंध तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होता. पुढे १९२२मध्ये जॅक्सन कॅनडात मरणपंथाला लागलाय हे कळल्यावर हाउसमनने घाईने दुसरा संग्रह पुरा केला आणि त्याला पाठवला. काही महिन्यांत जॅक्सन गेला. अशा माणसाला 'आनंद लुटा' म्हणायचं असेल का हो?

पोटापाण्यासाठी तो लॅटिनचा प्राध्यापक. १९१४च्या मे महिन्यात, केंब्रिजमधली झाडं फुलांनी भरलेली असताना, वर्गात होरेस या प्राचीन रोमन कवीची एक कविता शिकवत होता. बर्फ वितळलं, गवत परतलं, पण माणूस एकदा गेला की परतत नाही, अशी ती कविता. नेहमीसारखं व्याकरण आणि पाठभेद सांगून झाले. मग त्याने मान वर केली, म्हणाला, आता ही नुसती कविता म्हणून बघू या. आधी लॅटिनमध्ये वाचली, मग स्वतः केलेल्या इंग्रजी भाषांतरात. प्राचीन साहित्यातली ही मला सर्वांत सुंदर वाटते, एवढं बोलून तो झपाझप वर्गाबाहेर गेला. विद्यार्थ्यांना वाटलं, आता हा माणूस रडतोय की काय. तीन महिन्यांनी महायुद्ध सुरू झालं. त्याचं १८९६चं ते पुस्तक खिशात घेऊन कितीतरी पोरं खंदकांत गेली.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेले होते तेव्हा एप्रिलमध्ये तिने मला इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या लडलो गावी नेलं. तिथल्या सेंट लॉरेन्स चर्चपाशी हाउसमनच्या अस्थी आहेत. तो मूळचा त्या परगण्याचा नव्हेच, शेजारच्या वूस्टरशरचा. श्रॉपशरच्या टेकड्या म्हणजे त्याच्या लहानपणीचं पश्चिमेचं क्षितिज, सूर्य मावळायची बाजू. परतताना लेकीने रानाच्या कडेला गाडी थांबवली. रानचेरी. फुलं फांदीला चिकटलेली नसतात, लांब हिरव्या देठांनी झुबक्याझुबक्यांनी खाली लोंबतात. तेव्हा कळलं तो 'लगडलेली' का म्हणतो. पाच पाकळ्या, टोकाशी बारीक खाच. वारा आला की सुटून येतात, गाडीच्या काचेवर, वायपरच्या फटीत साचतात. लेक घाई करत होती, पार्किंग नव्हतं. मी म्हटलं, पाच मिनिटं थांब गं. दहा थांबली.

तर परवा त्या मुलाला मी मोबाइलवर तेव्हाचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "अरे, पांढरी असतात?" मग गाइड बाजूला ठेवून आम्ही बारा ओळी दोनदा वाचल्या. तिसऱ्यांदा त्यानेच वाचल्या, हळू. दुसऱ्या कडव्याशी थांबला आणि बोटांवर मोजत म्हणाला, "काकू, म्हणजे माझे एक्कावन्न."

माझे सोळा. ते मी त्याला सांगितलं नाही. चहा ठेवायला उठले.