मुक्त विद्यापीठाची पदवी चालते. पूर्ण चालते.

माझी धाकटी बहीण अंगणवाडी सेविका आहे. बारावी झालेली, पदरात दोन मुलं. मुख्य सेविका व्हायचं तर पदवी हवी, म्हणून तिने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बीएला प्रवेश घ्यायचं ठरवलं. गुणपत्रिकेच्या झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्या. आणि बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: ‘मुक्तची डिग्री सरकारी नोकरीत चालत नाही, एमपीएससीला बसू देत नाहीत, परीक्षा नावापुरती असते, शिवाय इंटरनेट नसेल तर जमतच नाही.’ रात्री तिचा फोन. “दादा, तीन वर्षं घालवून नुसता कागदच मिळणार असेल तर कशाला?”

ज्याने हे लिहिलं त्याने एकदा तरी जाहिरात वाचायची होती. एमपीएससी ‘सांविधिक विद्यापीठाची पदवी’ मागते. सांविधिक म्हणजे कायद्याने स्थापन झालेलं. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली राज्याच्या कायद्यानेच उभं राहिलं. एवढ्याने पटत नसेल तर यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, सप्टेंबर २०२२ चं परिपत्रक काढून बघा. २०२०च्या नियमावलीतल्या नियम २२ चा हवाला देऊन त्यात स्पष्ट म्हटलंय की मान्यताप्राप्त संस्थेने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरायची. यात ‘पण’ नाही, ‘परंतु’ नाही. बाईचं अख्खं वर्ष वाया घालवणारी थाप मारताना एवढं शोधायला काय जड जात होतं?

परीक्षा नावापुरती? हॉलतिकीट घेऊन केंद्रावर बसावं लागतं आणि नापासही होतात. इंटरनेटचं म्हणाल तर हे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा कुणाच्याच घरी ते नव्हतं. छापील पुस्तकं आणि अभ्यासकेंद्र यांवरच पोरं शिकली.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. सगळंच दूरस्थ चालत नाही. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग असं घरून करता येत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांनी, दिलेल्या दूरस्थ इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये गदा आणली, आणि पोरांची वर्षं बुडाली. म्हणून प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ती संस्था, तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष, तिन्ही तपासा. बहिणीच्या बीएचं मी तपासलं.

ते परिपत्रक बहिणीने आज त्याच गटात टाकलं. पिशवी घेऊन सोमवारी आम्ही दोघं अभ्यासकेंद्रावर जातोय.