चौसष्ट ओहम

साठ वॅटचा बल्ब ८२७ वॅट खातो, असं परवा मी स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं. तेही लेकीसमोर. आणि वरच्या मजल्यावरच्या नानांसमोर, म्हणजे आता सगळ्या इमारतीसमोर.

गृहपाठ साधा होता: २३० व्होल्टवर चालणाऱ्या ६० वॅटच्या बल्बचा रोध, म्हणजे विजेला होणारा विरोध, काढा. वॅटला व्होल्टने भागलं की धारा, ०.२६ अँपिअर. व्होल्टला धारेने भागलं की रोध, साधारण ८८२ ओहम. संपलं. पण मला प्रात्यक्षिकाची खाज. माळ्यावरचा जुना तारेचा बल्ब काढला, रोध मोजायचा मल्टिमीटर लावला. आकडा आला ६४.

नेमके तेव्हाच नाना शिडी मागायला आले.

"मीटर उलटा धरलायस."

"नाना, बल्बच्या रोधाला उलटसुलट नसतं हो."

"मी बघतो." त्यांनी लाल-काळ्या तारांची अदलाबदल केली. ६४. "बघ! दोन्हीकडून खराब आहे."

मग म्हणाले, बल्ब आडवा ठेवलायस, आडव्या तारेतून वीज सुळकन निसटते. मी, एक पदवीधर माणूस, बल्ब उभा धरून बसलो. ६४.

"छताला टांगल्यावर वाढेल. वर चढताना विरोध होतोच. माझ्या गुडघ्यांना विचार."

त्या गडबडीत मी व्होल्टच्या वर्गाला ६४ ने भागलं आणि ते ८२७ वॅट बोलून गेलो. नाना शांतपणे म्हणाले, "मग ती इस्त्री आहे. कपड्यांवर फिरव."

लेकीने वहीतून मानही वर केली नाही. "बाबा, बल्ब गार आहे. पेटला की तार अडीच हजार अंशांपर्यंत तापते. मग रोध वाढतो."

खरं होतं. मीटर इतकीशी धारा सोडतो, त्याने तार काय तापणार? बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब ३.६ अँपिअर ओढतो, नेहमीच्या जवळपास चौदा पट. म्हणून तर जुने बल्ब बटण दाबतानाच 'टिक्' करून जायचे. आणि ओहमच्या नियमात, म्हणजे व्होल्ट वाढले की धाराही त्याच प्रमाणात वाढते या नियमात, हे आधीच लिहून ठेवलंय: "वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना". हे शब्द मी एका श्वासात घोकलेत, गाळले तर मार्क जायचे म्हणून. तार तापली की हिशेब बदलतो, हा त्यांचा अर्थ कुणी सांगितला नाही. मीही विचारला नाही, ते सोडा. पण गणितात 'पेटलेल्या बल्बचा' एवढा एक शब्द घालायला काय शाई संपत होती?

खुद्द ओहमने १८२७ साली हा नियम छापला, तेव्हा त्याच्याच देशात, जर्मनीत, त्याची टर उडवली गेली. बिचाऱ्याने कोलोनमधली शिक्षकाची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिलं ते १८४१ साली. चौदा वर्षं! मला नुसती दोन रात्री झोप नाही.

"मी तेच म्हणत होतो," नाना उठत म्हणाले. "तापवायला हवा होता. तुझा मीटरही जरा मंदच वाटतो, बघून देतो."

शिडी गेली, मीटरही गेला. आज जिन्यात मी मीटरचा विषय काढला, तर म्हणाले, "घाई नाही ना? घरातल्या सगळ्या बल्बांचं मोजायचं चाललंय. सगळेच खराब निघाले."